मोठा बफर म्हणजे वेगवान नेट नव्हे

संपादक महोदय,

घरच्या राउटरविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ‘मेमरी जितकी जास्त तितके नेट चांगले’ असा सल्ला आहे. दुकानदारही तेच सांगतो. पण खोक्यावर छापलेली रॅम वेगळी आणि पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, थांबवून ठेवणारा बफर वेगळा. लाइनला झेपेल त्याहून जास्त डेटा आला की उरलेली पॅकेट बफरमध्ये रांग लावतात. रांग भरली की नवे पॅकेट टाकून दिले जाते.

हे टाकून देणे म्हणजे बिघाड, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पाठवणाऱ्या संगणकाला ‘जरा दमाने घे’ हे त्यावरूनच कळते. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलेत अवघ्या काहीशे मीटरवरच्या दोन ठिकाणांमधला वेग ३२ केबीपीएसवरून (सेकंदाला ३२ हजार बिट) ४० बीपीएसवर (सेकंदाला ४० बिट) घसरला. त्यानंतर संगणकतज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला, म्हणजे संगणकांनी डेटा पाठवण्याच्या नियमावलीला, जी शिस्त लावली, ती या टाकून दिलेल्या पॅकेटवरच चालते. बफर अवाढव्य असेल तर हा इशारा फार उशिरा पोहोचतो.

हिशेब सोपा आहे. अपलोड १० एमबीपीएस आणि बफर १.२५ एमबी (म्हणजे १० मेगाबिट) असेल, तर भरलेली रांग उपसायला १ सेकंद लागतो. आईच्या फोनमधले फोटो बॅकअपला लागले की शेजारच्या खोलीत मुलीच्या ऑनलाइन क्लासचा आवाज अडखळतो, तो यामुळे. स्पीड टेस्ट झकास येते आणि बिचारा ग्राहक महागडा प्लॅन घेऊन बसतो.

या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. ती रांगेच्या लांबीऐवजी पॅकेट किती वेळ ताटकळले ते बघते. ५ मिलिसेकंदांहून जास्त खोळंबा टिकून राहिला की पॅकेट टाकू लागते. तिचीच सुधारित आवृत्ती, ‘एफक्यू-कोडेल’, लिनक्स या मोफत संगणक प्रणालीमध्ये फुकट आहे. तरी कित्येक राउटरमध्ये ती सोय ग्राहकाला दिसतही नाही.

डेटा सेंटरमधल्या स्विचचे, म्हणजे अनेक सर्व्हर एकमेकांना जोडणाऱ्या यंत्राचे, गणित वेगळे. तिथे अनेक सर्व्हर एकदम स्विचच्या एकाच पोर्टकडे (जोडणीच्या तोंडाकडे) उत्तरे पाठवतात आणि सगळ्या पोर्टची सामायिक मेमरी क्षणात भरते. वाहतुकीचा पाच मिनिटांच्या सरासरीचा ग्राफ मात्र निवांत असतो, कारण हा क्षणिक लोंढा त्यात दिसत नाही. तिथे जास्त मेमरी कामी येते. घरात नाही.

यापुढे राउटरची तुलना छापताना डाउनलोडच्या आकड्याशेजारी अपलोड चालू असतानाचा पिंगही (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) द्यावा, ही विनंती.

— एक नेटवर्क अभियंता, नाशिक