‘रक्त पातळ करणारी गोळी’ नव्हे, गुठळी रोखणारी!

महोदय,

आपल्या आरोग्यविषयक लेखांत ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या’ असे सर्रास छापले जाते. ते थांबवावे, एवढ्यासाठी हे पत्र. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. ‘माझे रक्त घट्ट झालेय का, तेवढे बघा’ असे सांगणारे कुणी ना कुणी मला रोज भेटते.

या गोळ्यांनी रक्त पाण्यासारखे होत नाही. साध्या नळीत घेतलेले रक्त अर्ध्या तासात असे थिजते की नळी उलटी केली तरी गोळा जागचा हलत नाही. निळ्या झाकणाच्या नळीत मात्र तेच रक्त वाहते राहते, कारण तिच्यातले सायट्रेट रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते. माणूस एक, शीर एक. फरक फक्त गुठळी होण्या-न होण्याचा. काडीने गुठळी उचलली की तिला चिवट तंतू लोंबताना दिसतात. ते फायब्रिनचे. फायब्रिनोजेन हे प्रथिन एरवी रक्तात विरघळलेले असते. थ्रॉम्बिन हे विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे छाटते आणि उरलेल्याचे धागे विणले जातात.

बोट कापले की हेच जाळे आपल्याला वाचवते. हृदयाच्या धमनीतला चरबीचा थर फुटला, तर शरीर त्यालाही जखमच समजते. प्लेटलेट्स चिकटतात, त्यांच्यावर फायब्रिन बसते आणि वाट बंद होते; हाच हृदयविकाराचा झटका. आधीचा अडथळा कित्येकदा फार मोठाही नसतो. १९८८ च्या आयसिस-२ चाचणीत, म्हणजे १७,१८७ रुग्णांत, झटक्यानंतर लगेच सुरू केलेल्या ॲस्पिरिन या अशाच गोळीने पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटले. गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजची जोड मिळाल्यावर ही घट ४२ टक्क्यांवर गेली.

माझ्या मामांना स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसवून दोन महिने झाले होते. दाढी करताना ब्लेड लागले, कापूस दाबून धरला तरी रक्त थांबेना. ‘रक्त भलतेच पातळ झाले’ म्हणत त्यांनी गुठळी रोखणाऱ्या दोन्ही गोळ्या मनानेच बंद केल्या. तीन आठवड्यांनी स्टेंटमध्येच गुठळी झाली. मामा वाचले, पण आता एक जिना चढतानाही मध्ये टेकतात. न उघडलेल्या पट्ट्या मला त्यांच्या उशाखाली सापडल्या. ‘पातळ’ म्हटले की ते जास्त होईल ही भीती आलीच. ‘गुठळी रोखणारी गोळी’ असे कुणी सांगितले असते, तर बंद करण्याआधी त्यांनी एक फोन नक्की केला असता, असे मला अजून वाटते.

याउलट, रक्त ‘पातळ राहावे’ म्हणून कोणताही आजार नसताना रोज ॲस्पिरिन घेणारेही मी पाहते. त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, हे त्यांच्या गावीही नसते.

तेव्हा यापुढे ‘गुठळी रोखणारी गोळी’ असेच छापावे आणि शेजारी ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू किंवा बंद करू नये’ ही ओळ द्यावी. जागा कमी पडली तर माझ्या पत्राला कात्री लावा, पण ती ओळ तेवढी राहू द्या.

– एक लॅब तंत्रज्ञ