नऊपैकी नऊ, आणि चेंडू गोल नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या १९५१ सालच्या अपराजित फुटबॉल संघावर लेख आला. हा विषय मराठीत आला याचं बरं वाटलं. पण लेखाशेजारच्या चित्रात जाळी लावलेला गोलखांब आहे, चेंडू गोल आहे आणि मजकुरात ‘गोल केले’ असं दोन-तीनदा आलं आहे. ओली मॅटसन आणि मंडळी खेळत होती तो अमेरिकन फुटबॉल. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, आणि बराच वेळ पायात नव्हे तर हातात. आता गंमत अशी, की याच विद्यापीठाचा गोल चेंडूचा संघही तेव्हा नावाजलेला होता. १ जानेवारी १९५० रोजी सेंट लुईस इथे झालेल्या पहिल्या सॉकर बाउलमध्ये त्याने पेन स्टेटशी २–२ अशी बरोबरी केली होती. त्यामुळे घोळ व्हायला थोडी जागा होती, एवढं मान्य.

खेळ कोणता हे आधी नक्की केल्याशिवाय त्या हंगामातले आकडे लागत नाहीत, म्हणून थोडक्यात. मैदान १०० यार्डांचं, शिवाय दोन्ही टोकांना १० यार्डांचे पट्टे. एका बाजूला अकरा गडी. चेंडू हातात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावं लागतं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. कबड्डीची चढाई डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच, की इथे चढाई अकरा जण मिळून करतात आणि पकड झाली की पुढची चढाई तिथूनच सुरू होते. चेंडू घेऊन पलीकडच्या पट्ट्यात शिरलं (टचडाउन) की सहा गुण, त्यानंतर खांबांमधून मारलेल्या लाथेचा एक, आणि टचडाउन न करता चढाईतूनच खांबांमधून मारलेल्या मैदानी लाथेचे तीन. दोन गुण एकाच गोष्टीचे: चेंडू असलेला संघ आपल्याच मागच्या पट्ट्यात पकडला गेला, की ते समोरच्याला मिळतात. टचडाउननंतर दोन गुणांचा पर्याय महाविद्यालयीन खेळात १९५८ पासून आला, तेव्हा तो नव्हता.

लेखात ‘लोयोलाने शेवटच्या सामन्यात दोन गोल केले’ असं छापलंय, त्याचा खरा अर्थ यावरून कळेल. पासाडेनाच्या रोझ बाउल मैदानावरचा तो सामना डॉन्सनी (हे या संघाचं टोपणनाव) २०–२ असा जिंकला. त्या दोनाचा अर्थ, लोयोलाला आपल्या चढाईवर एकही गुण मिळाला नाही. असे दोन गुण कधी चुकीने जातात, कधी मुद्दाम सोडले जातात. आघाडीवर असलेला संघ आपल्याच टोकाला अडकला, की तिथून चेंडू दूर लाथाडताना ती लाथ अडवली जाण्याची धास्ती असते. अशा वेळी दोन गुण देऊन २० यार्डांच्या रेषेवरून मोकळेपणाने लाथ मारणं स्वस्तात पडतं. सॅन होजे स्टेटविरुद्धचा पहिला सामना ३९–२ असा सुटला, तेव्हाही समोरच्यांच्या खात्यात एवढंच होतं. सॅन होजेशी त्या वर्षी दोनदा गाठ पडली, आणि दुसऱ्यांदा निकाल ४२–७ लागला. सांता क्लाराला त्यांनी २६–७ असं हरवलं. नऊ सामने, नऊ विजय. हा संघ गाजला मॅटसनच्या धावांमुळे, पण तो उभा होता बचावावर, आणि लेखात बचावाबद्दल एक ओळ नाही.

मॅटसनबद्दल मात्र कितीही लिहिलं तरी थोडंच. त्या हंगामात त्याने १,५६६ यार्ड धावून काढले, देशात सर्वाधिक. नऊ सामन्यांत भागलं तर सामन्याला बरोबर १७४ यार्ड, म्हणजे जवळपास १६० मीटर, आणि तेही अंगावर येणाऱ्या अकरा जणांमधून. न्यूयॉर्कमध्ये फोर्डमशी झालेला सामना ३२–२६ असा सुटला, डॉन्सना त्या हंगामातला सर्वात अवघड. तो तारला मॅटसनच्या दोन परतीच्या धावांनी: एक ९४ यार्डांची, एक ९० ची. परतीची धाव म्हणजे काय? समोरचा संघ त्या काळी आपल्या ४० यार्डांच्या रेषेवरून चेंडू लाथाडायचा आणि अकराही जण चेंडूमागे सुसाट सुटायचे. घेणारा चेंडू झेलायचा आणि त्याचे चार-पाच साथीदार पुढे पाचर करून धावायचे. कबड्डीत बचावाची साखळी असते तशीच ही, फक्त पकडण्याऐवजी वाट काढायला. बहुतेकांचं बिघडायचं कुठे, तर पहिल्या दहा पावलांत. झेलणारा घाईने पाचरीच्या पुढे निघून जायचा आणि एकटा सापडायचा, किंवा चेंडू छातीशी घट्ट येण्याआधीच नजर वर उचलायचा आणि तो हातातून सुटायचा. पाचर फुटून एकदा मोकळं मैदान मिळालं, की बाकीचे साठेक यार्डांवर धापा टाकू लागायचे. मॅटसन ४०० मीटरचा धावपटू होता. ९४ यार्ड म्हणजे ८६ मीटर, त्याच्या शर्यतीचं पहिलं वळणसुद्धा नाही. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ४०० मीटरमध्ये कांस्य आणि ४ x ४०० मीटर रिलेमध्ये रौप्य मिळवलं. आणि १९५१ च्या त्या हंगामानंतर हाइझमन पुरस्काराच्या (महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) मतदानात तो नववा आला!

आणखी एक तपशील लेखातून निसटला. मॅटसन चढाईत धावायचा आणि बचावातही मागच्या फळीत उभा राहायचा. १९४१ पासून खेळाडू हवे तेव्हा बदलण्याची मुभा होती, त्यामुळे मोठ्या महाविद्यालयांनी चढाईचा एक आणि बचावाचा दुसरा असे दोन वेगळे ताफे ठेवायला सुरुवात केली होती. दोन ताफे म्हणजे शिष्यवृत्त्या दुप्पट, पोशाख दुप्पट, प्रवासाचं भाडं दुप्पट. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या लहानशा जेझुइट (कॅथलिक धर्मसंघाच्या) महाविद्यालयाला हे परवडणारं नव्हतं. हा खर्च आवरायलाच १९५३ मध्ये ती मुभा काढून घेतली गेली. डॉन्सच्या दृष्टीने दोन वर्षं उशिरा.

आता वादाचा भाग. लेख म्हणतो, ‘नियमानुसार कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी असल्याने संघाने बाउल स्पर्धेवर बहिष्कार टाकला.’ यात दोन चुका आहेत. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचा असा कोणताही नियम नव्हता, आणि बाउल ही एक स्पर्धाही नव्हती. नववर्षाच्या सुमारास होणारे ते सुटे सामने, प्रत्येकाची वेगळी स्थानिक समिती, त्यात गावातले व्यापारी आणि हॉटेलवाले. कोणाला बोलवायचं ते या समित्या ठरवायच्या. रोझ बाउलचा १९४७ पासून बिग टेन आणि पॅसिफिक कोस्ट या महाविद्यालयांच्या दोन गटांशी करार होता. डॉन्स कुठल्याच गटात नव्हते, म्हणजे घराजवळचं ते दार आधीच बंद. राहिले ऑरेंज (मायामी), शुगर (न्यू ऑर्लिन्स), गेटर (जॅक्सनव्हिल), कॉटन (डॅलस). सगळे वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेत. डॉन्सपर्यंत निरोप आला तो असा: मॅटसन आणि बर्ल टोलर या कृष्णवर्णीय खेळाडूंना घरी ठेवा, मग बघू. प्रशिक्षक जो कुहारिक यांनी ते संघासमोर ठेवलं आणि मुलांनी नकार दिला. बहिष्कार निमंत्रण मिळालेल्याने टाकायचा असतो. यांना अटीवाचून निमंत्रणच नव्हतं.

बाउलवाल्यांची बाजू मांडणारे म्हणतात, संघाचं वेळापत्रकच कच्चं होतं. कँप पेंडलटन आणि सॅन दिएगो नौदल प्रशिक्षण केंद्र असे दोन लष्करी संघ, सॅन होजे दोनदा. एपी (असोसिएटेड प्रेस) वृत्तसंस्थेच्या अंतिम क्रमवारीत डॉन्स चौदावे होते, ते त्याचमुळे. या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. पण कोरियाचं युद्ध चालू असताना छावण्यांच्या संघात महाविद्यालयं संपवून आलेले तयार खेळाडू असत, तेव्हा त्यांना लिंबूटिंबू समजू नये. आणि हा युक्तिवाद कॉलेज ऑफ द पॅसिफिकपाशी गळून पडतो. डॉन्सनी स्टॉकटनला जाऊन त्यांना ४७–१४ असं धुतलं. तोच पॅसिफिकचा संघ १ जानेवारी १९५२ रोजी टेक्सासमध्ये सन बाउल खेळला आणि टेक्सास टेककडून २५–१४ असा हरला. पॅसिफिककडे एडी मेकन हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. त्याआधी १९४८ मध्ये कॉटन बाउलने पेन स्टेटचे वॉलेस ट्रिप्लेट आणि डेनी हॉगार्ड हे कृष्णवर्णीय खेळाडू खेळवले होते. म्हणजे दक्षिणेत ‘तसं चालतच नाही’ हे सरसकट खरं नव्हतं. चालवायचं की नाही, हे त्या त्या समितीच्या हातात होतं. शुगर बाउलला पिट्सबर्गच्या बॉबी ग्रायरपर्यंत, १९५६ पर्यंत, ते चालवायचं नव्हतं.

संघ बंद पडला तो ‘या अपमानानंतर निषेध म्हणून’, हे लेखातलं वाक्यही मागे घ्यावं. विद्यापीठाने हंगाम संपताच फुटबॉल बंद केला तो पैशापायी. बाउलची रक्कम आली असती तर तूट काहीशी भरून निघाली असती, इतकाच त्या दोन गोष्टींचा संबंध. आजूबाजूला पाहिलं की चित्र साफ दिसतं: शेजारच्या सेंट मेरीज कॉलेजने १९५० च्या हंगामानंतर संघ गुंडाळला, लोयोलाने १९५१ नंतर, सांता क्लाराने १९५२ नंतर, फोर्डमने १९५४ नंतर. सगळी कॅथलिक महाविद्यालयं, सगळ्यांची दुखणी सारखी. तिकीट विक्री घसरलेली, आणि त्याच शहरात व्यावसायिक संघ. सॅन फ्रान्सिस्कोत तर डॉन्स आणि व्यावसायिक फोर्टीनाइनर्स हे दोघंही एकाच केझार स्टेडियममध्ये खेळायचे. दमड्या मोजून तिकीट काढणारा माणूस कोणाकडे जाईल?

केझारवरून आठवलं. बॉब सेंट क्लेअर, सहा फूट नऊ इंच उंचीचा टॅकल (आघाडीच्या फळीतला गडी), शाळेत, महाविद्यालयात आणि व्यावसायिक खेळातही याच मैदानावर खेळला. आज त्या मैदानाला त्याचं नाव आहे. तो, मॅटसन आणि जिनो मार्केटी हे तिघं व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पोचले. एकाच महाविद्यालयीन संघातून तिघं, हे भल्याभल्या विद्यापीठांना जमलेलं नाही. संघाची प्रसिद्धी सांभाळणारा तरुण पीट रोझेल पुढे १९६० मध्ये एनएफएलचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा) आयुक्त झाला. लेखात त्याला ‘सहायक प्रशिक्षक’ म्हटलंय, ती दुरुस्ती करावी.

बर्ल टोलरचा उल्लेख एका ओळीत उरकला गेला, त्याचं सर्वात वाईट वाटलं. १९५२ च्या उन्हाळ्यात महाविद्यालयीन निवडक संघाकडून खेळताना त्याचा गुडघा गेला आणि व्यावसायिक खेळ सुरू होण्याआधीच संपला. तो शिक्षक झाला, पुढे सॅन फ्रान्सिस्कोत मुख्याध्यापक. १९६५ मध्ये एनएफएलने त्याला पंच म्हणून घेतलं, तिथला पहिला कृष्णवर्णीय पंच. त्याचं काम हेड लाइन्समनचं होतं. हा माणूस चेंडू ठेवण्याच्या रेषेच्या टोकाला उभा राहतो, चेंडू सुटण्याआधी कोणी रेषा ओलांडली का ते बघतो आणि साखळीवाल्यांना सांभाळतो. दोन काठ्यांमध्ये ताणलेली ती साखळी बरोबर १० यार्डांची असते. चार प्रयत्नांत संघ सरकला की नाही, याचा वाद त्या काळी तिनेच मिटायचा. १९८० च्या सुपर बाउलमध्येही तो याच जागेवर उभा होता.

पुढच्या पुरवणीत चुकांची दुरुस्ती छापताना चित्रही बदलता आलं, तर उत्तम.

कळावे,
आपले,
अमेरिकन फुटबॉलचे काही मराठी वाचक, पुणे