कार्बन डायऑक्साइड सेन्सरच्या सदोष तपासणीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वार्षिक देखभाल करारानुसार सेन्सरचे कॅलिब्रेशन (ज्ञात प्रमाणाच्या वायूशी आकडे पडताळून जुळवणे) प्रत्यक्षात न झाल्याबाबत.

महोदय,

पुण्यातील आमच्या संस्थेची वातानुकूलित अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी चोवीस तास उघडी असते. बाहेरची हवा आत घेणारा पंखा आपण बसवलेल्या सहा सेन्सरच्या आकड्यांवर चालतो. गेले दोन महिने मुले डोके जड होत असल्याचे सांगत होती आणि आम्ही भिंतीवरचा ६४० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ६४० भाग) हा आकडा दाखवून त्यांची समजूत घालत होतो, याचे आज फार वाईट वाटते. शेवटी एका विद्यार्थ्याचे मापक आधी गच्चीवर ठेवून, ते मोकळ्या हवेच्या पातळीवर, ४३०च्या आसपास, स्थिरावल्याची खात्री करून, त्याच सेन्सरखाली धरले, तेव्हा आकडा १,१५० निघाला.

आपले सेन्सर आठवडाभरातील सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, अर्थात ४०० पीपीएम, असे गृहीत धरून स्वतःला दुरुस्त करून घेतात. रात्री रिकाम्या होणाऱ्या कचेरीत हे चालून जाते. आमची खोली कधीच रिकामी होत नाही. पहाटे तीन वाजता चाळीस मुले बसलेली असतानाही सेन्सर ४००च दाखवतो, इतकी कमी पातळी आता मोकळ्या हवेतही राहिलेली नाही. अभ्यासिका अखंड चालते, हे मागणीपत्रात स्पष्ट लिहिलेले होते.

अधिक गंभीर बाब तपासणीची आहे. आपल्या तंत्रज्ञाने स्टुलावर चढून प्रत्येक सेन्सरवर फुंकर मारली, आकडा चढताच ‘चालू आहे’ म्हटले आणि वीस मिनिटांत सहा प्रमाणपत्रे हाती दिली. उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. ५०० पीपीएमने चुकलेला सेन्सरही त्याने उसळी घेणारच. प्रमाणपत्रावर ना आधीचे आकडे आहेत, ना नंतरचे, ना वापरलेल्या वायूचा उल्लेख.

तरी पंधरा दिवसांत, विनामूल्य, स्वयंदुरुस्तीची सोय बंद करून, शून्य पातळीसाठी नायट्रोजन आणि १,००० पीपीएमचा प्रमाणित वायू वापरून सहाही सेन्सरचे कॅलिब्रेशन आमच्यासमोर करावे, हवेच्या दाबामुळे आकड्यात पडणारा फरक भरून निघावा म्हणून पुण्याची सुमारे ५६० मीटर उंची सेटिंगमध्ये भरावी आणि आधीचे व नंतरचे आकडे लेखी द्यावेत. तोवर पंखा आम्ही हाताने अखंड चालू ठेवला असून देखभालीचे बिल रोखून धरले आहे.

कळावे.

आपला विश्वासू,
कार्यवाह, अभ्यासिका समिती