श्रावण पाळण्याआधी यकृत तपासून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आषाढ अमावास्या जवळ आली की गटारीच्या बातम्या येतात. तिच्या दुसऱ्या दिवसापासून कितीतरी लोक महिनाभर दारूला शिवत नाहीत, त्याबद्दल मात्र फारसे छापून येत नाही. यकृतासाठी वर्षभरातली हीच सर्वांत मोलाची संधी असते. दारूमुळे यकृतात साठलेली चरबी दारू पूर्ण बंद केल्यावर बहुतेकांत दोन ते सहा आठवड्यांत उतरते. दारूचा निचरा करताना यकृताच्या पेशी चरबी जाळायचे काम मागे टाकतात आणि नवी चरबी जास्त बनवतात. दारू थांबली की हे चक्र उलटे फिरते.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर ग्रेड १' लिहिलेले असते, पण रोज किती घेता हे कोणी विचारत नाही. विचारले तरी 'थोडीशी' एवढेच उत्तर मिळते. हिशेब ग्रॅममध्ये करा: बाटलीतले मिली, गुणिले लेबलवरचे टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९. व्हिस्कीची क्वार्टर म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्के, त्यात सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४१ ग्रॅम. म्हणजे 'आम्ही फक्त बिअर घेतो' म्हणणाराही दोन बाटल्यांत क्वार्टरच्या पुढे जातो. पुरुषांत रोज ६० आणि स्त्रियांत ५० ग्रॅमच्या वर गेल्यास तो सरळसरळ दारूचाच यकृतविकार धरला जातो. वजन किंवा मधुमेह जास्त असेल तर त्याहून कमी दारूही नुकसान करते.

गटारीच्या आधीच्या आठवड्यात एलएफटी (यकृताची रक्ततपासणी), जीजीटी (दारूने वाढणारे यकृतातले एन्झाइम), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि सोनोग्राफी करून घ्या. एलएफटीतल्या दोन एन्झाइमांपैकी एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर संशय दारूवर जातो. मात्र एलएफटी नॉर्मल आली म्हणून यकृत निरोगी, असे समजू नका. सिरोसिस (वण पडून यकृत कडक होणे) झालेल्यांचीही ती कधीकधी नॉर्मल येते. म्हणून एक आकडेमोड करा: वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ). वय ४५, एसजीओटी ८०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १ लाख ६० हजार (म्हणजे हजारांत १६०) असतील तर उत्तर ३.७५ येते. १.३ च्या खाली यकृतात वण असण्याचा धोका कमी, २.६७ च्या वर गेल्यास फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून यकृतात वण किती पडलेत ते पाहावे लागते. पिणे चालू असताना एसजीओटी वाढलेले असल्याने हा आकडा फुगतो. त्यामुळे श्रावण संपताना त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासणी करा. जीजीटी तोवर बरेच उतरलेले दिसेल. सीबीसीमधला एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) उतरायला तीन महिने लागतात, त्यामुळे तो पाहून निराश होऊ नका.

ज्यांना रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त लागते, सकाळी हात थरथरतात, उठल्याउठल्या घोट घ्यावा लागतो, त्यांनी अमावास्येनंतर एकदम बंद करू नये. सहा ते चोवीस तासांत घाम, थरथर, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावूही शकतो. ही लक्षणे औषधांनी आवरता येतात, म्हणून आधीच डॉक्टरांना गाठा. अशक्तपणा आला म्हणून नुसते ग्लुकोज सलाईन लावून घेऊ नका. आधी थायामिन, म्हणजे बी-१ चे इंजेक्शन हवे, नाहीतर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल घ्यायचे झाल्यास दिवसाला २ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या, ही कमाल मर्यादा.

श्रावणातले उपवासही इथे जपून करावेत. सूज आलेल्या यकृताला रोज किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि साबुदाण्यात ती जवळजवळ नसतात. सोमवारी खिचडीऐवजी दही, पनीर, शेंगदाणे घ्या. एरवी मूग, मटकी, डाळ. यकृत फारच बिघडलेले असेल तर निर्जळी किंवा दिवसभराचा कडक उपास करूच नये, आणि रात्री झोपण्यापूर्वीही काहीतरी खावे.

संपादक महोदय, आता आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा छोट्या जाहिराती वर्तमानपत्रांत नेहमी येतात. घरची बाई हतबल होऊन ती पूड आमटीत मिसळते. पुडीत काय आहे ते लिहिलेले नसते. त्यात डायसल्फिराम (दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध) असेल आणि माणूस वरून दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. शिवाय हे औषध यकृतालाच अपायकारक आहे, म्हणून आजारी यकृतात ते टाळतात. त्याच्या संमतीवाचून ते देणे तर चूकच. अशा जाहिराती आपण घेऊ नयेत. त्या जागी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे दोन मोफत क्रमांक निदान आषाढ अमावास्येच्या आठवड्यात छापावेत, ही कळकळीची विनंती.

आपले,
यकृतविकार व व्यसनमुक्ती क्षेत्रातील काही डॉक्टर आणि समुपदेशक, पुणे