मनू, नवा फोन घ्यायच्या आधी हे वाच

प्रिय मनू,

तुझा मेसेज वाचला, "आई, बॅटरी आणि डिस्प्ले मिळून नव्या फोनच्या निम्मे पैसे सांगतायत, मग नवाच घेऊन टाकू ना" आणि पुढे तीन प्रश्नचिन्हं. एका ओळीत सांगायचं तर बॅटरी बदलून घे, डिस्प्लेला सध्या हात लावू नकोस, नवा फोन आत्ता नको. पण एका ओळीत सांगितलेलं तू आजवर कधी ऐकलेलं नाहीस त्यामुळे सविस्तर लिहितेय, निवांत वाच.

बाबा म्हणाले घेऊन टाक म्हणावं, किती दिवस ओढणार तो जुना फोन. त्यांचं सोड, त्यांना स्वतःचा फोन बदलायचाय आणि तुझ्या निमित्ताने विषय काढता येतोय एवढंच.

आधी हे "निम्मे पैसे" प्रकरण बघू. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की नवा घ्यावा असं सगळेच सांगतात आणि ऐकायलाही शहाणपणाचं वाटतं, पण ह्या हिशोबात फोन पुढे किती दिवस चालणार हे कुठे येतच नाही. मी हिशोब वर्षावर करते. समज नव्या फोनची किंमत १०० धरली आणि तो ५ वर्षं नीट चालला तर वर्षाला २० पडले. बॅटरीचे समज १० सांगितले आणि त्यावर तुझा फोन अजून २ वर्षं गेला तर वर्षाला ५. डिस्प्लेचे ४०, तेही त्याच २ वर्षांसाठी, म्हणजे वर्षाला २०, म्हणजे नव्या फोनइतकाच खर्च आणि हातात मात्र जुना कॅमेरा जुना प्रोसेसर. आता बघ, १० आणि ४० मिळून ५०, हेच ते तुझे निम्मे. दोन वेगळी कामं एका आकड्यात बांधून सांगितली की स्वस्त काम महागाच्या मागे लपतं आणि माणूस वैतागून दोन्ही सोडून देतो. त्यामुळे खर्चाचा अंदाज नेहमी सुटा मागायचा, बॅटरीचे किती, डिस्प्लेचे किती, मजुरी किती.

बरं ते २ वर्षं मी मनाने नाही धरलेत. तूच म्हणालीस ना की कंपनी अजून दोनेक वर्षं सिक्युरिटी अपडेट देणार आहे, तोच तुझ्या फोनचा खरा उरलेला काळ. फोन त्यानंतरही चालू राहतो, कॉल लागतात, फोटो निघतात, पण अँड्रॉइडमध्ये सापडलेली नवी भोकं तुझ्या फोनवर बुजवली जात नाहीत आणि तू त्याच फोनवरून बँकेचे व्यवहार करतेस, ओटीपी त्याच फोनवर येतात. सेटिंग्जमध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख एकदा बघ, दोन-तीन महिन्यांच्या आतली असेल तर ठीक. वर्षभरापूर्वीची असती तर मी हे पत्र वेगळं लिहिलं असतं, कारण ६ महिने उरलेल्या फोनवर डिस्प्लेचे ४० घातले तर ते वर्षाला ८० च्या दराने पडतात.

आता बॅटरी. ती मुळात झिजणारीच वस्तू आहे गं, चपलेचा तळ झिजला म्हणून कोणी पाय बदलत नाही. आतमध्ये दर चार्जिंगला थोडं थोडं लिथियम कामातून जातं आणि बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढत जातो, म्हणजे भरलेली दिसते पण एकदम जोर लागला की दम टाकते. तुझा फोन २० टक्के दाखवत असताना कॅमेरा उघडला की फटकन बंद होतो म्हणालीस ना, ते हेच. फोन बिघडलेला नाहीये, बॅटरी ऐनवेळी पुरेसा व्होल्टेज देऊ शकत नाहीये. अॅपल स्वतः सांगतं की आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेल्सची बॅटरी ५०० पूर्ण चार्ज सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलीय, १५ पासून पुढे १०००. सायकल म्हणजे प्लग लावण्याची वेळ नाही हां, आज ५० टक्के वापरली उद्या ५० टक्के वापरली की मिळून एक सायकल. रोज पूर्ण बॅटरी संपवणाऱ्या माणसाच्या ५०० सायकली दीड वर्षाच्या आसपास होतात, तुझ्या फोनला तर चार वर्षं झालीत, तेव्हा त्याने माफी मागायचं काही कारण नाही.

आणि "फोन फार स्लो झालाय" हेसुद्धा कधीकधी बॅटरीचंच दुखणं असतं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये अॅपलने कबूल केलं होतं की बॅटरी जुनी झालेले आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून ते सॉफ्टवेअरमधून त्यांचा वेग कमी करतात. लोक भडकले, कंपनीने माफी मागितली आणि २०१८ भर बॅटरी बदलून द्यायचा दर बराच खाली आणला. मग गंमत बघ, २०१९ च्या जानेवारीत टिम कुकने गुंतवणूकदारांना पत्र लिहिलं की आयफोनची विक्री अंदाजापेक्षा कमी झाली, आणि त्यात जी कारणं दिली त्यातलं एक होतं की लोकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतल्या. कंपनीच्या प्रमुखानेच लेखी दिलंय की बॅटरी बदलली की माणूस नवा फोन घ्यायचं लांबवतो, ह्यापेक्षा मोठी साक्ष मी कुठून आणू!

फक्त बॅटरी कुठली घालतायत ते बघ. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये घातलेली सगळ्यात बरी, महाग पडली तरी. बाहेर घालायची तर वॉरंटी लेखी घे आणि बनवल्याची तारीख विचार, कारण लिथियम बॅटरी नुसती कपाटात पडून राहिली तरी म्हातारी होते आणि जुन्या मॉडेलच्या बॅटऱ्या बऱ्याचदा अशाच पडून असतात. आणि हो, मागचं कव्हर जरा उचललं गेलंय किंवा स्क्रीन एका बाजूने वर आलीय असं वाटलं तर बॅटरी फुगलीय, मग चार्जिंग लगेच बंद करायचं, दाबून बसवायला जायचं नाही, टोचायचं तर अजिबात नाही. आग लागते त्याने, खरंच लागते.

डिस्प्ले नको का म्हणतेय ते सांगते. कोपऱ्यात तडा आहे पण टच सगळीकडे चालतोय, रंग नीट आहेत, मग तू तड्यासाठी ४० देणार? आजकालच्या फोनमध्ये वरची काच, टच आणि खालचं ओएलईडी पॅनल (म्हणजे स्वतःच उजळणारा पडदा) हे एकमेकांना चिकटवून एकच तुकडा केलेला असतो, त्यामुळे काच फुटली तरी बहुतेक दुकानांत पूर्ण असेंब्ली बदलतात. नुसती काच वेगळी करून बदलणारे असतात पण ते मशीनचं आणि हाताच्या सफाईचं काम आहे, त्यात पॅनल गेलं तर गेलं. स्वस्तात डिस्प्ले देतो म्हणणारे बरेचदा ओएलईडीच्या जागी एलसीडी, म्हणजे मागून दिवा लागणारा पडदा, बसवतात, मग काळा रंग राखाडी दिसतो, बॅटरी जास्त खातो आणि स्क्रीनमधला फिंगरप्रिंट असेल तर तो चालतच नाही कधीकधी. विचारायचं सरळ, ओरिजिनल आहे, दुसऱ्या फोनमधून काढलेला आहे का कॉपी आहे. कॉपी असेल तर त्यानेच कॉपी म्हणून सांगितलेलं बरं, निदान किंमत त्या हिशोबाने ठरते.

सध्या तड्यावर टेम्पर्ड ग्लास लावून टाक म्हणजे काचेचे कण बोटाला लागणार नाहीत. हिरवी उभी रेघ आली, काळा डाग पसरायला लागला किंवा फोन आपोआप टच घ्यायला लागला तर मात्र पुन्हा हिशोब करू, तेव्हा अपडेटची किती वर्षं उरलीयत ते बघून. आणि तडा असलेला फोन पाण्यापासून सांभाळ, आयपी६८ वगैरे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा जो लिहिलेला असतो तो फोन अखंड असताना. बॅटरी बदलायला एकदा उघडला की आतलं सील नव्याने लावावं लागतं, ते लावणार का ते विचार, आणि लावलं तरी पूर्वीसारखं धरेल असं मनात धरू नकोस.

चार्जिंग पिन ढिली झालीय असंही काहीतरी लिहिलं होतंस. त्याला आधी खर्च नाही करायचा. खिशातला, पर्समधला धाग्यांचा गाळ पोर्टमध्ये जाऊन दाबून बसतो आणि केबल पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळू काढ, पिन किंवा सुई घालू नकोस. तरी नाही झालं तर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये चार्जिंगचा छोटा बोर्ड वेगळा असतो, तो बदलणं स्वस्तातलं काम आहे.

स्टोरेज किती भरलंय तेही बघ, माझा अंदाज आहे काठोकाठ भरलंय, तुझे व्हॉट्सअॅपचे फॉरवर्ड मी ओळखून आहे. मेमरी गच्च भरली की फोनला लिहायला मोकळी जागा शोधत बसावं लागतं आणि सगळंच अडखळतं. १५-२० टक्के मोकळी ठेव. हे फुकटचं काम आहे, ते आधी.

ज्यावर मी एक पैसा घालणार नाही तो म्हणजे मदरबोर्ड. पाणी गेलेला बोर्ड, आयसी (चिप) उचलून पुन्हा बसवलेला बोर्ड, हे चांगला कारागीर चालू करून देतो, त्यात वाद नाही, पण आत गंज सुरू झालेला असेल तर पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी जातं. तसं काही झालं तर फक्त फोटो आणि डेटा बाहेर काढण्यापुरते पैसे द्यायचे आणि फोनला नमस्कार करायचा.

मग नवा कधी? अपडेट संपत आले की घे, आणि तेव्हा कॅमेऱ्याचे मेगापिक्सल नंतर बघ, आधी किती वर्षं अपडेट देणार ते बघ. हे आता बरंच सुधारलंय. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला ७ वर्षं अपडेट देऊ म्हणून सांगितलं, सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला तेच केलं. युरोपियन युनियनमध्ये तर २० जून २०२५ पासून नियमच आलाय की तिथे विकायला आणलेल्या नव्या फोनची बॅटरी ८०० सायकलनंतरही ८० टक्के तरी राहिली पाहिजे, विक्री बंद झाल्यावरही ७ वर्षं स्पेअर पार्ट मिळाले पाहिजेत आणि किमान ५ वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत. नियम तिथला असला तरी फोन बनवणाऱ्या कंपन्या त्याच, त्यामुळे दोन वर्षं थांबलीस तर तुला जास्त टिकाऊ माल मिळायची शक्यता आहे, हे माझं मत. सेकंडहँडचा मोह झाला तर तोच हिशोब लाव, किंमत भागिले उरलेली अपडेटची वर्षं, आणि बॅटरी बदलायचे पैसे त्यात आधीच धर.

तुझ्या मैत्रिणी म्हणतात जुना एक्स्चेंजमध्ये दे म्हणजे फायदा होतो. तडा गेलेल्या फोनचे एक्स्चेंजमध्ये काय देतात ते एकदा विचारून बघ, मग बोलू. आणि २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे, त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद जेमतेम २२ टक्क्यांची, हे फक्त सांगून ठेवते, त्यावर भाषण देत नाही. फोनमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा भाग तो बनवतानाच झालेला असतो, चार्जिंगचा त्यामानाने थोडा.

फोन दुकानात द्यायच्या आधी बॅकअप घे. पूर्ण, फोटोसकट, आणि घेतल्यावर दुसऱ्या डिव्हाइसवर उघडून बघ. सिम काढून घे. तुझ्या फोनमध्ये रिपेअर मोड किंवा मेंटेनन्स मोड असेल तर तो चालू कर, त्यात तुझे फोटो मेसेज लपलेले राहतात आणि दुरुस्तीवाल्याला टेस्टिंगपुरता फोन वापरता येतो. नसेल तर त्याने स्क्रीन लॉकचा पासवर्ड मागितला तर बॅटरीसाठी कशाला लागतो ते विचार, टच आणि चार्जिंग लॉक स्क्रीनवरूनही तपासता येतं. शक्यतो समोर बसून करून घे, अवघड काम नसतं.

बॅटरी बदलल्यावर दोन-चार दिवस नेहमीसारखा वापर आणि संध्याकाळी किती टक्के उरते ते मला कळव. उरत नसेल तर वॉरंटीत परत द्यायचीय, बिल टाकून देऊ नकोस.

तुझी
आई

ता.क. बाबा विचारतायत की त्यांच्या फोनचं काय. त्यांच्या फोनचा शेवटचा सिक्युरिटी अपडेट तीन वर्षांपूर्वीचा निघालाय, तेव्हा ह्या हिशोबाने नवा त्यांनाच मिळणार असं दिसतंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.