बाबा, बागेत जाताना मोजे घाला

पुणे, ११ फेब्रुवारी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, परवा निघताना माझे पाय बघून तुझे डोळे भरून आले, ते मनातून जात नाही. आता फोड बसलेत, रात्री तेवढी खाज येते. "खाडीत जाऊन झोपायला कोणी सांगितलं होतं?" असं तू विचारलंस. तेरेखोलच्या पाण्यावर कयाक वल्हवताना मला जे सुख मिळतं ते दुसऱ्या कशात नाही, ते मी सोडणार नाही. पण चूक कुठे झाली ते कळलंय, आणि त्यात बाबांच्या कामाचंही काही आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिल्या रात्री आम्ही तंबू तिवरांना लागूनच ठोकला. ओहोटी लागलेली, चिखल उघडा पडलेला. संध्याकाळी खारा वारा पडला, जमिनीकडून येणारी मतलई सुटायला अवकाश होता, आणि त्या मधल्या वेळेत मुरकुटं, ते बारीक चावरे किडे, आले. तिन्हीसांजेला खाडीवर थांबू नको, असं तू आम्हाला लहानपणी सांगायचीस. मला वाटायचं, भुताची भीती घालतेस! मुरकुटं त्या चिखलातच वाढतात. डोळ्यांना धड दिसत नाहीत, आणि डासांसाठी केलेल्या जाळीतून सरळ आत शिरतात. आमच्या तंबूला तीच जाळी होती. पण एवढ्याशा जिवाला वाऱ्यात उडता येत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मुखाकडे सरकून उघड्या वाळूवर तंबू लावला, ऊन असतानाच जेवून घेतलं आणि अंधारायच्या आत चेन ओढून आत बसलो. त्या रात्री मला दोनच चावे.

तू दिलेलं खोबरेल लावलं होतं. थोडा वेळ बरं वाटलं, मग घामाबरोबर गेलं. नारळाच्या सोडणांची धुरीही केली, पण धुरात बसाल तोवरच. खरा उपयोग झाला तो डीट, म्हणजे किडे दूर ठेवणारं औषध, असलेल्या मलमाचा. ते उघड्या अंगालाच लावायचं, कपड्यांखाली नाही. उन्हाचं क्रीम लावायचं असेल तर ते आधी, हे नंतर. आणि बाबा, प्लॅस्टिकला हात लागू देऊ नका. माझ्या गॉगलची दांडी चिकट होऊन गेली. तुमच्या चष्म्याला जपा.

पण मलमापेक्षाही मला कपड्यांवर जास्त भरवसा वाटतो. फिकट रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे, पूर्ण पायांचे. मुरकुटांनी माझी फक्त झोप घेतली. तुमच्या काजूच्या बागेत जी गोचीड आहे, तिची मला खरी धास्ती वाटते.

तिच्या चाव्यातून माकडताप होतो. हा ताप १९५७ साली शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. २०१६ पासून आपल्या दोडामार्गात, मग बांद्याकडेही माणसं आजारी पडली, काही गेली, हे तुम्ही जवळून पाहिलंय. गोचिडीची पिल्लं तिळाएवढीही नसतात, आणि माणसाला बहुतेक वेळा तीच चावतात. ती कोरड्या दिवसांत वाढतात, म्हणजे नेमकी काजू गोळा करायच्या वेळेला. आणि तुम्ही पंचा नेसून, उघड्या पायांनी जाता, दमलात की वाळक्या पानांच्या पातेऱ्यावरच बसता. बाबा, हे यंदा नको. बसायला गोणपाट न्या. पँट मोज्यांत खोवा. घरी आलात की कपडे बाहेरच उतरवून कढत पाण्यात भिजवायचे आणि कडक पाण्याने अंघोळ करायची. आई, यांची पाठ, काखा, कानामागे तू बघ, यांना स्वतःचं दिसत नाही. गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल नको, विडीचा चटका नको. चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढायची, मग साबणाने धुवायचं.

मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्रात कळवा. आणि अचानक ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं असं काही झालं तर काढा घेत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि बागेत जात होतो हे त्यांना आवर्जून सांगा. हे लिहिताना माझा हात थांबतोय, पण लिहिलंच पाहिजे.

सोबतच्या पार्सलमध्ये दोन पँटी, दोन शर्ट आणि मोज्यांचे चार जोड आहेत. त्यांच्यावर परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून, पूर्ण वाळवून पाठवलेत. ते औषध अंगाला लावायचं नसतं, कपड्यांनाच मारायचं. बाटली मी मुद्दाम पाठवली नाही, कारण ओलं असताना ते मांजरांना विषारी असतं आणि आपली मनी सगळ्यांत तोंड घालते. पुढच्या वेळी आले की मीच पुन्हा फवारून देईन.

बाबा, पँट कमरेला सैल झाली तर नाडी घाला, आखूड मात्र करू नका. पार्सल मिळालं की फोन करा.

तुमची,
मोठी