विभागाचा इतिहास स्कूटरपाशी थांबतो का?

संपादक महोदय,

पुणे विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागाच्या वाटचालीवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. संस्थापक म्हणून इरावती कर्वे यांचा गौरव झाला, बायका स्कूटर चालवत नसत त्या काळात त्यांनी पुण्यात चालवलेली स्कूटर आली, महाभारतावरचे लेखन आले. हे सगळे मराठी वाचकाला एव्हाना तोंडपाठ आहे. बाई मानवशास्त्र म्हणून नेमके काय करत होत्या, त्याला मात्र जेमतेम दोन ओळी मिळाल्या.

खरे तर पुण्यातल्या या विषयाची मुळे दोन ठिकाणी जातात, आणि त्या दोन्हींचे आपसात फारसे जमणारे नाही. पहिले ठिकाण मुंबई. तिथे १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्राचा विभाग सुरू केला, पुढे तो गो. स. घुर्ये यांच्याकडे आला. घुर्ये केंब्रिजला मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे शिकलेले. समोरच्या माणसाची वंशावळ लिहून घ्यायची, तो कोणाला काय म्हणतो, मुलगी कुठे देतो, सून कुठून आणतो हे विचारत बसायचे, ही रिव्हर्स यांची रीत. इरावतीबाईंनी १९२८ मध्ये एम.ए. केले ते घुर्ये यांच्याच हाताखाली.

दुसरे ठिकाण बर्लिन, जिथे बाई डॉक्टरेटसाठी गेल्या. तिथले मार्गदर्शक ऑयगेन फिशर, ज्यांच्या वंशविचाराचा पुढे नाझींनी पुरेपूर वापर केला. गोऱ्या युरोपीयांचे बौद्धिक श्रेष्ठत्व कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावरून सिद्ध होईल, ही गुरूंची अपेक्षा. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि या फरकाचा वंशाशी संबंध नाही, असे प्रबंधात लिहिले. परक्या देशातली विद्यार्थिनी, समोर असला गुरू! स्कूटर चालवण्यापेक्षा याला जास्त धैर्य लागले असणार. पण त्यांतल्या अनेक कवट्या वसाहतींतून, तिथल्या लोकांना न विचारता उचलून आणलेल्या होत्या. विभागाचा इतिहास लिहिणाऱ्याने हेही लिहायला हवे, त्याने बाईंचे मोठेपण उणावत नाही.

१९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. पुढची तीस वर्षे मोजपट्टी आणि वंशावळ या दोन्ही रीती त्यांच्या हाती राहिल्या. १९४४ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजच्या उत्खननात त्या मध्याश्मयुगीन सांगाडे तपासत होत्या. १९५३ च्या ग्रंथात त्यांनी नातेसंबंधांवरून भारताचे चार विभाग पाडले. उत्तरेत मामाची मुलगी बहीण ठरते, आपल्याकडे अनेक जातींत तिच्याशी लग्न चालते, अशा घरगुती तपशिलांवर तो ग्रंथ उभा आहे. एका मूळ जातीचे तुकडे होऊन पोटजाती झाल्या, हे त्यांना मान्य नव्हते. वेगवेगळे गट एकाच धंद्याच्या वा दर्जाच्या नावाखाली शेजारी बसले, असे त्या म्हणत. १९६८ मध्ये मानवशास्त्रज्ञ कैलास मल्होत्रा यांच्यासह त्यांनी सारख्याच दर्जाच्या आठ ब्राह्मण जातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली, तीही याच वादातली. जात शरीराच्या मापांतून कळते का, हा प्रश्न आज अनेकांना खटकेल. मलाही खटकतो. म्हणूनच लेखात तो टाळायला नको होता.

सगळ्यात जास्त खटकला तो कोयनेचा अनुल्लेख. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी इरावतीबाई आणि जाई निंबकर यांनी केली, तिचा अहवाल डेक्कन कॉलेजने १९६९ मध्ये छापला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ मध्ये, म्हणजे त्यानंतर सात वर्षांनी. भावकी एकीकडे, सोयरे दुसरीकडे आणि जमीन तिसरीकडे अशी गत झालेल्या गावाचे काय होते, हे समजायला नातेसंबंधांचा अभ्यासक लागतो. नुसता नुकसानभरपाईचा तक्ता पुरत नाही. मानवशास्त्राचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांपुढे एवढा एक अहवाल ठेवला तरी पुरे.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात विभागप्रमुखांची नामावळी थोडी कमी करून या पाहण्यांना जागा द्यावी. आणि विद्यापीठाने व डेक्कन कॉलेजने आपल्याकडच्या जुन्या प्रश्नावल्या, वंशावळी आणि मापांच्या नोंदींची यादी मराठीतून जाहीर करावी. ज्यांची मापे घेतली, ज्यांच्या घरच्या सोयरिकी लिहून घेतल्या, त्यांच्या नातवंडांना त्या नोंदी अर्ज-विनंत्यांच्या फेऱ्या न मारता पाहता आल्या पाहिजेत.

— एक वाचक, पुणे